वाघरीच्या तोंडाशी उभं राहणं

गेल्या वर्षी पितृपंधरवड्यातल्या एका बुधवारी, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, माझे वडील, आबा, मेंढ्यांच्या वाघरीच्या तोंडाशी पडले. वय सत्तरीच्या पुढे, शुगर बरीच वर्षं. डाव्या मनगटाला मुका मार लागला, कपाळ खरचटलं, हाड मोडलं नाही. ज्या कोकराच्या धक्क्याने ते पडले ते महिन्याभराचं होतं.

वाघर म्हणजे खुंट्यांवर ताणलेली जाळी. दिवसभर चरलेला कळप संध्याकाळी तिच्या आत कोंडतात. एका बाजूला दोन हात रुंद तोंड ठेवलेलं असतं. मागून एक जण मेंढ्या हाकतो आणि तोंडाशी एक जण उभा राहतो. तो प्रत्येक जनावराच्या पाठीवरून हात फिरवून त्याला आत सोडतो. लंगडणारी, नाक वाहणारी, पोट फुगलेली मेंढी त्या हातालाच कळते. हे काम आबा पन्नास वर्षं करत होते. मेंढ्या मांड्यांना घासत जातात आणि नुसत्या घासण्यावरून कोणती गेली हे ते सांगायचे.

यंदा सीताफळं पुन्हा आली आहेत. धारूरच्या घाटात वळणावळणावर बायका कॅरेट मांडून बसल्या आहेत. पिकलेल्या फळांचे डोळे उघडलेत, रस्त्यावर गोड आणि किंचित आंबूस वास आहे. सीताफळाचा पाला मेंढी खात नाही, शेळीही तोंड लावत नाही, म्हणून बालाघाटाच्या या उघड्या उतारावर ते झाड टिकलं. आमच्याकडे ते कुणी लावलेलं नाही. लहानपणी या वासाबरोबर मला माय आठवायची, ज्वारीच्या कणगीत कच्ची फळं पुरून ठेवणारी. आता आबांची हौदाच्या काठावर टेकलेली दोन बोटं आठवतात.

पडण्याच्या आधी दोन वर्षं घरात एक गोष्ट कौतुकाने सांगितली जात होती. आबा रानातून आले, वहाण काढली, तर बाभळीचा काटा वहाणेतून आरपार तळव्यात गेलेला. त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी चिमट्याने काटा ओढला आणि म्हणाले, "पाय आता तयार झाले." त्यांचा जुना सोबती लिंबाजी तिथेच होता. तो म्हणाला, "काट्यालाच लागलं आसंल बे." सगळे हसले. मेंढपाळाच्या पायाला काटा लागू नये, ही आमच्यात मोठी गोष्ट. कोवळ्या पायाचा माणूस कळपामागे टिकत नाही असं मानतात. मी तेव्हा संभाजीनगरला एका दैनिकात डेस्कवर होते. ही गोष्ट मी कचेरीत दोनदा सांगितली, दोन्ही वेळा अभिमानाने. बातमीत एखादा आकडा तीनदा तपासणाऱ्या मला हे तपासावंसं वाटलं नाही.

पडल्यानंतर मी रजा काढून गावी आले. आबांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या व्यायामोपचाराच्या म्याडम तिशीच्या, लातूरकडच्या. त्यांनी आबांना खाटेवर निजवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवायला सुरुवात केली.

"लागलं की सांगा, आबा."

"लावा तरी."

तोवर धागा चार जागी टेकून झाला होता. म्याडमनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांच्या पायांकडे पाहिलं. भेगाळलेले, काळे, रुंद पाय. तेच पाय, ज्यांचं कौतुक आम्ही दोन वर्षं करत होतो.

म्याडमनी समजावलं ते असं. माणूस उभा राहतो तेव्हा तळवे जमिनीची खबर वर पाठवतात, डोळे आजूबाजूची पाठवतात आणि कानाच्या आतला भाग डोकं कुठे कललं ते सांगतो. आबांच्या तळव्यांची खबर शुगरने बंद पाडली होती. ते डोळ्यांच्या जोरावर उभे होते. उजेड असेपर्यंत ते भागत होतं.

"मंजी सांजच्याला..." आबा म्हणाले.

"संध्याकाळी डोळ्यांचाही आधार जातो."

मेंढ्या संध्याकाळीच येतात.

"मग हे पाय परत कवा येत्याल?"

"तळव्यांना पूर्वीसारखं कळेल असं मी सांगणार नाही," म्याडम म्हणाल्या. "पण बाकीचं अंग शिकवता येतं. घोट्यात, मांडीत ताकद आणता येते. तोल जायला लागला की पाऊल कसं टाकायचं, त्याची सवय करता येते. रोज करावं लागेल."

"रोज तर मेंढराचंबी करावंच लागतंय."

मग त्यांनी एका पायावर उभं राहायला सांगितलं. आबांचा चेहरा खुलला. मेंढपाळ रानात विसावतो तो असाच. काठीवर छाती रेलायची, एक पाय उचलून दुसऱ्याच्या गुडघ्याला लावायचा, आणि कळपावर नजर ठेवून तासभर उभं राहायचं. माझ्या आठवणीतले आबा क्षितिजावर नेहमी एकाच पायावर असतात. लहानपणी मला वाटायचं, त्यांना दुसरा पाय फक्त चालण्यापुरता लागतो.

"ह्ये तर जल्माचं हाय," ते म्हणाले आणि काठी रोवून उभे राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. ते माझ्याकडे बघून हसले. म्याडमनी मला त्यांच्या पाठीशी उभं केलं, स्वतः समोर आल्या आणि काठी हलकेच बाजूला घेतली.

ते माझ्या अंगावर आले. एक सेकंदसुद्धा झाला नव्हता.

"काठी उभी होती, आबा," म्याडम म्हणाल्या. "तुम्ही नव्हता."

येताना जीपमध्ये त्यांनी काठी दोन गुडघ्यांमध्ये धरली होती. घाट चढून होईपर्यंत ते तिच्याकडे बघत होते.

घरी वेगळाच निर्णय तयार होता. माझा धाकटा भाऊ संपत कळपामागे असतो. त्याची बायको मुलांच्या शाळेपायी गावात राहते. त्यामुळे कळपासोबत माणसं तीनच: मागून हाकायला संपत, कोकरं आणि बिऱ्हाड सांभाळायला माय, आणि तोंडाशी आबा. दरसाल दिवाळी झाली की कळप घाट उतरून युसूफ वडगावच्या बाजूला जातो. तिथले शेतकरी खतासाठी पीक निघालेल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. रोज नवं रान, रोज नव्या जागी वाघर, रोज नवं तोंड.

संपत म्हणाला, "आबा, औंदा मेंढरं इकून टाकू. मी परळीला थर्मलच्या राखंच्या गाडीवर जातो. बोलून ठिवलंय."

"कावून?"

"कावून म्हंजी? तोंडावर कोन उभं ऱ्हाईल? तुमी पडलाव. बेस झालं, खालची जमीन तरी मऊ व्हती."

"मेंढरं वाईट हायती का?"

"मेंढराचं कोन काय म्हनलं."

"मग तोंडावरच्या मानसाचाच परश्न हाय."

"व्हय."

"तुळशीच्या लग्नापस्तोर थांब. मी उभा ऱ्हायलो तर खाली जायाचं. न्हाई ऱ्हायलो तर तू म्हनशील तसं."

संपतने मायकडे पाहिलं. माय भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मला कावून बगतूस? मी काय पडले व्हय?"

हे ठरलं त्या दिवशी तुळशीच्या लग्नाला सुमारे दोन महिने होते. तोवर गावात कोकरं बघायला संपतची बायको होती, म्हणून वाघरीच्या तोंडाशी माय उभी राहायची.

म्याडमनी सांगितलं होतं, स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून करा. आमच्याकडे ओटा नाही. राखेच्या विटांच्या दोन खोल्या आहेत, चूल जमिनीवर आहे आणि अंगणात कमरेइतका सिमेंटचा हौद आहे. हौदच ठरला. सकाळी मेंढ्या पाणी पिऊन गेल्या की आबा हौदापाशी यायचे. पाठीमागे एक बाज लावलेली असायची, तोल गेला तर बसायला. बाजूला मी, मी नसले की माय. पायात मऊ, बंद बूट. बुटांवरून एक आठवडा भांडण झालं. "लग्नात घातले न्हाईत," हे त्यांचं म्हणणं होतं. शेवटी बूट आले.

आधी दोन्ही हात काठावर. टाचा उचलायच्या, टेकवायच्या. मग टाचांवर जोर देऊन चवडे उचलायचे. हाताचा आधार न घेता बाजेवरून उठायचं, बसायचं. पुढे पाय जुळवून उभं राहायचं. मग एक पाऊल अर्धं पुढे. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यासमोर. हळूहळू दोन हातांचा एक हात, एका हाताची चार बोटं, चाराची दोन. हौद काठोकाठ भरलेला असला की पाण्यात त्यांचा चेहरा दिसायचा आणि तो हलायचा. ते पाण्याला दोष द्यायचे.

तिसऱ्या आठवड्यात लिंबाजी बघायला आला. तो हौदाच्या दुसऱ्या बाजूला उकिडवा बसला आणि त्याने तंबाखू मळली.

"शाळेत नाव घातलं का बे?"

"घातलं."

"कितवीत हाईस?"

"एका पायावर हाय. तू ये की."

"मला काय झालंय?"

"म्हनून तर ये. बगू तरी."

लिंबाजी उठला. काठी घ्यायला वाकला, तेव्हा आबा म्हणाले, "काठी न्हाई." लिंबाजीने एक पाय उचलला. त्याच्या पायाला काही झालेलं नाही, तो छान उभा राहिला. "डोळे झाक," आबा म्हणाले. लिंबाजीने डोळे मिटले, दोन क्षण थांबला, हेलपाटला आणि हौदात कोपरापर्यंत हात घालून सावरला. माय दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. ओला हात झटकत लिंबाजी म्हणाला, "मर्दा, हे तर लई अवघड हाय." त्यानंतर काट्याची गोष्ट त्याने कधी सांगितली नाही. निदान मी असताना नाही.

डोळे मिटून करायचा प्रकार एकट्याने करायला म्याडमनी सक्त मनाई केली होती. तो फक्त त्यांच्यासमोर, दर पंधरवड्याला, दवाखान्यात.

रेषेवरून चालण्यासाठी मायने लोकरीचा धागा दिला होता. अंगणात दोन खिळ्यांमध्ये ताणून, टाचेला अंगठा लावत त्यावरून जायचं. काळी लोकर, आमच्याच मेंढ्यांची. सकाळी ठीक चाललं. पण काम संध्याकाळचं होतं, म्हणून आबांनी सराव संध्याकाळवर नेला आणि पहिल्याच दिवशी ते थांबले. धागा दिसत नव्हता. पायाखाली तो आहे की नाही हे कळत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "बाई, धाग्यावर हाय का मी?" बारा-तेरा वर्षांची असताना मी त्यांच्या मागून अंधाऱ्या ओढ्यातून जायची. तेव्हा ते वळून न बघता सांगायचे, पुढे दगड आहे, डावीकडून ये. त्यांना ते पायाने कळायचं. मी म्हणाले, "बोटभर उजवीकडे सरकलात." त्यांनी पाऊल उचलून डावीकडे घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिथे पांढरा धागा होता. मायने रात्रीतून पांढरी लोकर कातली नव्हती, तिने स्वतःच्या दोन जुन्या पांढऱ्या पिशव्यांची सुतं उसवून पिळून घेतली होती. खिळ्याला गाठ तिचीच होती.

दिवाळीच्या आठवडाभर आधी घात झाला. रजा संपल्यापासून मी सुटीलाच यायचे; त्या शनिवारी आले तर खोलीतल्या फरशीवर तांबडा ठिपका दिसला, मग दुसरा, मग दारापर्यंत ओळ. आबा बाजेवर बसून चहा पीत होते. बूट काढला तर आत हरभऱ्याएवढा खडा होता. सकाळपासून ते त्याच्यावर चालले होते. अंगठ्याच्या मुळाशी कातडी फाटून जखम झाली होती.

दवाखान्यात मलमपट्टी झाली. उभं राहून करायचं सगळं बंद, जखम कोरडी होईपर्यंत. म्याडम रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "पाय रोज बघता का?" आबांनी मान खाली घातली. पाय बघणं हे त्यांच्या हिशेबी कामच नव्हतं. मेंढ्यांचे खूर ते रोज बघायचे.

"मेंढ्यांचे खूर कसे बघता?"

"उलटं पाडून. खुरात खडा आडकला का, सडलाय का, बोट घालून."

"तेच करा. आरशात."

त्या दिवसापासून दाढीचा आरसा जमिनीवर आला. आबा तो पायाखाली धरून तळवे बघायचे, मग बूट उलटा करून झटकायचे, मग आत हात फिरवायचे. तो खडा मायने कोनाड्यात ठेवला. देवांच्या शेजारी नाही, काडेपेटीच्या शेजारी, जिथे रोज हात जातो.

त्या आठवड्यात संपत एकदा अंगणात मला म्हणाला, "आक्का, तू लिहिती-वाचती हाईस. खरं सांग. व्हईल का?"

"माहीत नाही."

"तुला माहीत न्हाई तर मग कुनाला माहीत?"

"म्याडमनाही नक्की माहीत नाही. त्या म्हणतात, करणाऱ्यांचा तोल सुधारतो. किती, ते करून कळतं."

"मी गाडीवाल्याला काय सांगू?"

"ठरलेल्या तारखेला सांग."

आत आबा बाजेवर बसून पाय सरळ करत होते, मांडीचा स्नायू आवळून दहा आकडे मोजत होते, सोडत होते. उभं राहणं बंद होतं, बसून करायचं बंद नव्हतं. आठ दिवस त्यांनी तेवढंच केलं, रोज तीनदा. आकडे मोठ्याने म्हणायचे. फराळाचे लाडू वळताना मायसुद्धा त्यांच्याबरोबर मोजायला लागली होती.

जखम भरली. भाऊबीजेनंतर म्याडमनी पुढचं सांगितलं. आतापर्यंत पाय कडक जमिनीवर होते. नांगरटीत जमीन दबते, सरकते. शहरात यासाठी मऊ गादी देतात. आबांनी घोंगडं आणलं. चार घड्या घालून हौदाजवळ टाकलं आणि त्यावर उभे राहिले. दोन बोटं काठावर. पहिल्या दिवशी त्यांचे घोटे थरथरत होते, वाऱ्यात बिऱ्हाडाच्या पालाचं कापड थरथरतं तसे. याच घोंगड्यावर ते पन्नास वर्षं निजले, याच घोंगड्याखाली आम्ही भावंडं पावसात बसलो. ते उभं राहण्याच्या कामाचं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

शेवटची गोष्ट धक्क्याची. म्याडमनी संपतला शिकवली. आबा हौदापाशी उभे, मागे बाज, एका बाजूला माय. संपतने खांद्याला, कमरेला हलकं ढकलायचं, आधी सांगून, मग न सांगता. आबांनी जागेवर तग धरायचा नाही, पाऊल टाकायचं. बाजूला एक पाऊल, झटकन, आणि थांबायचं. बापाला ढकलताना संपतचा हात पहिल्यांदा हवेतच थांबला.

"ढकल की बे," आबा म्हणाले. "कोकरू तुज्यापरीस जोरात आलतं."

तिसऱ्या दिवशी संपत खरोखर ढकलू लागला. पाचव्या दिवशी आबांचं पाऊल त्याच्या हाताआधी पडू लागलं. काठी चालताना ठेवायचीच, हे म्याडमनी पुन्हा बजावलं. पण तोंडाशी दोन्ही हात लागतात. एक मेंढीच्या पाठीवर. दुसऱ्याची दोन बोटं तोंडाच्या खुंटावर, मेढीवर, म्हणून त्या म्हणाल्या, तिथली मेढ जाड घ्या, खोल ठोका, आणि जवळ बॅटरीचा दिवा टांगा. संपतने बाभळीची मेढ तासली. गुडघाभर खोल रोवता येईल इतकी लांब.

सीताफळं तोवर सरत आली होती. घाटातली कॅरेटं उठली होती. उरलेली फळं झाडावरच काळी पडून वाळली होती, वाऱ्यात खडखडत होती. आता यंदाच्या हंगामात घाटातून जाताना मी ती झाडं पुन्हा बघते. पानं हिरवी आहेत, झाडावरची फळं अजून दगडासारखी घट्ट आहेत, काहींचे डोळे नुकते फुटू लागलेत. आबा आज सकाळीही हौदापाशी होते. तळव्यांना अजून काही कळत नाही. आरसा जमिनीवर आहे. धागा दोनदा बदलला.

गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झालं त्याच्या चौथ्या दिवशी कळप घाट उतरला. घोडीवर बिऱ्हाड, मागे माय, पुढे संपत. आबा उतारावर जीपने गेले, ते त्यांनी मान्य केलं होतं. संपतने राखेच्या गाडीवाल्याला नाही म्हटलं नव्हतं आणि होयही म्हटलं नव्हतं; पहिली वाघर बघून ठरवायचं होतं. पहिली वाघर त्याच संध्याकाळी युसूफ वडगावच्या शिवारात, सोयाबीन निघालेल्या काळ्या रानात लागणार होती. मला कामावर हजर व्हायचं होतं. मी संपतला म्हणाले, झालं की फोन कर. जे झालं ते सांग.

फोन सहा वाजून वीस मिनिटांनी आला. मागे मेंढ्यांचा आवाज होता.

"बोल."

"सगळी आत गेली."

"तोंडाशी कोण होतं?"

"आबा."

"पहिल्यापासून?"

"पयल्यापासून. मधी दोन कोकरं पायात घुसली. आबा एक पाऊल सरकले. मग थांबले."

"हात?"

"दोन बोटं मेढीवर. माय म्हनती तीन. मी बगितली तवा दोन व्हती."

"दिवा?"

"टांगलाय."

"आता काय करतायत?"

"वाघरीचं तोंड बांधायलेत. एक मेंढी लंगडती म्हनून बाजूला काढलीया त्यांनी. खूर बगायचाय म्हनत्यात."

"आणि काठी?"

संपत शोधत असावा. मेंढ्यांचा आवाज कमी झाला, मायचा आवाज आला, मग पुन्हा त्याचा.

"काठी बिऱ्हाडात हाय. घोंगड्यावर आडवी पडलीया."